धागा: 'आलोच' म्हणजे 'आय केम' नव्हे! इंग्रजी वाक्यांत वर्तमानकाळ कुठे, भूतकाळ कुठे?

रामबागकर

इंग्रजीचे बारा काळ कोष्टकात बहुतेकांना पाठ असतात. 'गो, वेंट, गॉन' झोपेतही म्हणता येतं. गाडी अडते ती ठरीव वाक्यांवर, जिथे आत्ताची गोष्ट भूतकाळी रूपात येते आणि होऊन गेलेली वर्तमानात. इंदुरात मंडळांची पत्रकं, दुकानांच्या पाट्या, नोकरीचे अर्ज यांवरून वाद होतात ते याच जोड्यांचे. सुरुवातीला एवढ्या घेऊ:

१. 'द ऑफिस इज क्लोज' की 'क्लोज्ड'? 'क्लोज्ड' असेल तर मग 'ओपन्ड' का नाही?
२. 'आय यूज टू गो' की 'आय यूज्ड टू गो'? आणि 'डिड' लागल्यावर काय?
३. 'इट्स टाइम वी लेफ्ट'. निघायचंय आत्ता, मग 'लेफ्ट' कशाला?
४. 'होळकर टीम हॅज वन द रणजी ट्रॉफी फोर टाइम्स' यात चूक आहे म्हणतात. कुठली?
५. 'व्हॉट वॉज युअर नेम?' मधल्या काळात नाव बदललं की काय?
६. 'समजलं' म्हणायला 'आय अंडरस्टुड' की 'आय अंडरस्टँड'?

कारणासकट लिहा. 'असंच असतं' हे उत्तर धरलं जाणार नाही. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच लिहू, उच्चारही कळेल.

खजुरी_बाजार

सहाव्यापासून सुरू करतो, बाकीच्या निम्म्या चुकांचं मूळ तिथेच आहे.

मराठीतलं '-ला, -ली, -लं' हे रूप आपण शाळेत भूतकाळ म्हणून शिकतो. जुने व्याकरणकार त्याला 'लाख्यात' म्हणत. ते नाव जास्त प्रामाणिक, कारण त्यात काळाचा दावा नाही, फक्त रूप सांगितलंय. हे रूप आलं संस्कृत-प्राकृतातल्या 'गत', 'कृत' अशा धातुसाधितांवरून. 'गत'ला प्राकृतात '-इल्ल' जोडला गेला आणि झिजत झिजत 'गेला' झाला. गाभा एवढाच, की क्रिया पुरी झाली आणि आता ही अवस्था आहे. म्हणून तर जेवायला हाक मारली की आतून 'आलो, आलो' ऐकू येतं आणि माणूस अजून खुर्चीतून उठलेलाही नसतो.

इंग्रजी भूतकाळाचा स्वभाव वेगळा. 'केम', 'वेंट', 'अंडरस्टुड' ही रूपं ऐकणाऱ्याला सांगतात की गोष्ट आत्तापासून तुटलेली आहे, पलीकडची आहे. त्यामुळे 'आय अंडरस्टुड' ऐकून समोरचा विचार करतो, तेव्हा समजलं होतं, मग आता काय झालं? आत्ता डोक्यात आहे त्याला 'आय अंडरस्टँड'. नुसतं 'अंडरस्टुड' मात्र चालतं, कारण तिथे ते भूतकाळी क्रियापद नाही, 'समजलेलं आहे' या अर्थाचं धातुसाधित आहे.

हाच सापळा या वाक्यांत बघा:

आलोच: 'आय ॲम कमिंग'.
बस आली: 'द बस इज हिअर' किंवा 'हिअर कम्स द बस'. 'बस इज केम' हे तर कुठल्याच काळात बसत नाही.
दमलो: 'आय ॲम टायर्ड'.
राग आला: 'आय ॲम अँग्री'. 'आय गॉट अँग्री' म्हणजे तेव्हा आला होता.
आवडलं (वस्तू हातात आहे, घ्यायची आहे): 'आय लाइक इट'. जेवण उरकून निघताना मात्र 'आय लाइक्ड इट' ठीक.
सापडलं: 'फाउंड इट'. इथे भूतकाळच बरोबर. सापडण्याचा क्षण होऊन गेला.

विसरलो हे जरा अवघड. छत्री घरी राहिली तर 'आय फरगॉट माय अम्ब्रेला'. कुणाचं नाव आत्ता आठवत नाहीये तर 'आय फरगेट हिज नेम'. मराठीत दोन्हीकडे 'विसरलो'.

नवलखा

यात 'बसला आहे' घालायला हवं. 'तो बाकावर बसला आहे' याचं 'ही हॅज सॅट ऑन द बेंच' होतं मुलांच्या वह्यांत. व्याकरणाच्या नियमाने चूक काढता येत नाही, पण चित्र चुकतं.

खजुरी_बाजार

हो, अंगावरच्या आणि बसण्या-उठण्याच्या क्रियापदांचा तो वेगळा गट आहे. बसला आहे, उभा आहे, टेकला आहे, झोपला आहे, चष्मा घातला आहे, नऊवारी नेसली आहे. मराठी म्हणते, क्रिया संपली, तिचं फळ दिसतंय. इंग्रजीला ते अजून चालूच वाटतं. म्हणून 'इज सिटिंग', 'इज स्टँडिंग', 'इज लीनिंग', 'इज स्लीपिंग', 'इज वेअरिंग'.

उलट फसगतही होते. 'चष्मा घालतोय' म्हणजे डोळ्यांवर चढवतोय, तिथे 'इज पुटिंग ऑन'. 'वेअरिंग' आणि 'पुटिंग ऑन' यांतला फरक मराठी 'घातला आहे' आणि 'घालतोय' यांनीच सांगते, हा नियम लिहून ठेवण्यासारखा. इंदुरी हिंदीतही 'पहना हुआ है' आणि 'पहन रहा है' अशीच जोडी आहे, त्यामुळे दोन्ही भाषा आपल्याला एकाच खड्ड्यात ढकलतात.

सराफा_रात्री_१२

पाट्यांवर या भिया. पहिला प्रश्न तसाच राहिला.

पलासिया_पूर्व

पाटीचं उत्तर 'क्लोज्ड'. कारण उच्चारात आहे.

'क्लोज' हे क्रियापद म्हटलं की शेवटी 'झ' येतो: 'क्लोझ द डोअर'. बंद अवस्थेला त्याचं धातुसाधित: 'क्लोझ्ड'. पण 'क्लोस', शेवटी 'स' असलेलं, हे वेगळं विशेषण आहे आणि त्याचा अर्थ जवळचा. रोमन लिपीत दोन्ही एकसारखी दिसतात. त्यामुळे 'द ऑफिस इज क्लोज' वाचणारा इंग्रज 'कार्यालय जवळच आहे' असं समजून चालायला लागेल.

'ओपन'ला वेगळं विशेषण आधीपासून आहे, ते स्वतःच 'उघडं' असा अर्थ देतं. म्हणून 'वी आर ओपन' आणि 'वी आर क्लोज्ड' ही जोडी लंगडी दिसली तरी तीच बरोबर. 'ओपन्ड' म्हणजे कुणीतरी उघडण्याची क्रिया: 'द शॉप ओपन्ड ॲट टेन', 'ओपन्ड इन १९९८'. पार्सल फोडलेलं असेल तर 'द पॅकेट वॉज ओपन्ड'.

पाट्यांवरचे बाकीचे नेहमीचे अपराधी: 'एअर कंडिशन हॉल' (कंडिशन्ड), 'यूज कार' (यूज्ड), 'रिझर्व पार्किंग' (रिझर्व्ड), 'ट्रेन स्टाफ' (ट्रेन्ड, नाहीतर रेल्वेचे कर्मचारी!), 'एक्सपीरियन्स टीचर' (एक्सपीरियन्स्ड). शेवटचा 'ड' किंवा 'ट' कानाला ऐकू येत नाही, म्हणून हात तो लिहीत नाही. भूतकाळाचा गोंधळ नाही हा, कानाचा आहे.

सराफा_रात्री_१२

मग मेनूचं काय? 'आइस क्रीम'ला 'आइस्ड' नाही, 'फ्राइड राइस'ला मात्र 'ड' हवा?

पलासिया_पूर्व

मूळ 'आइस्ड क्रीम'च होतं. लोकांच्या तोंडी 'ड' गळला आणि लेखनानेही तो सोडला. 'पॉपकॉर्न' तसंच, आधी 'पॉप्ड कॉर्न'. 'आइस्ड टी'चं 'आइस टी' होणं आत्ता आपल्या डोळ्यांसमोर चाललंय, त्यामुळे दोन्ही दिसतील. 'रोस्ट चिकन'चा मामला निराळा, तिथे 'रोस्ट' हेच जुनं धातुसाधित आहे.

'फ्राइड राइस', 'बॉइल्ड एग', 'स्टफ्ड कॅप्सिकम', 'मिक्स्ड व्हेजिटेबल' यांत 'ड' अजून शाबूत आहे. 'मिक्स व्हेज' भारतभर चालतं, चालू द्या, पण लग्नाच्या छापील मेनूवर 'मिक्स्ड' लिहिलं तर कुणाचं काही बिघडत नाही. सराफ्यातल्या भुट्ट्याच्या किसाला 'ग्रेटेड कॉर्न' लिहा. नुसतं 'ग्रेट कॉर्न' लिहिलंत तर विनयाचा प्रश्न येतो.

लोकमान्यनगर_३

दुसऱ्या प्रश्नाचं मी लिहिते. तो दिसतो एक, आहेत तीन गोष्टी.

'यूज्ड टू' म्हणजे 'करायचो, करत असे', आता करत नाही. 'आय यूज्ड टू प्ले क्रिकेट' म्हणजे खेळायचो. याला वर्तमानकाळ नाहीच. 'मी रोज सकाळी पोहे खातो' याचं 'आय यूज टू ईट पोहे एव्हरी मॉर्निंग' होतं ते साफ चूक. तिथे 'आय यूजुअली ईट' म्हणा, किंवा नुसतं 'आय ईट पोहे एव्हरी मॉर्निंग'. साध्या वर्तमानकाळातच सवय आहे, वेगळा शब्द लागत नाही.

'बी यूज्ड टू' म्हणजे सवय असणे. याच्यापुढे नाम किंवा '-इंग' रूप येतं: 'आय ॲम यूज्ड टू द हीट', 'आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली'. 'यूज्ड टू गेट अप' लिहिलं की अर्थ 'पूर्वी उठायचो' असा उलटतो.

तिसरं नुसतं वापरणे: 'द नाइफ इज यूज्ड टू कट पेपर'.

उच्चार वेगळे आहेत, तेवढ्यावरून ओळखता येतं. पहिल्या दोन्हींत 'यूस्टू', 'स' ऐकू येतो. तिसऱ्यात 'यूझ्ड टू', 'झ' ऐकू येतो. पहिल्यात 'ड' हा पुढच्या 'ट'मध्ये विरून जातो, म्हणून लिहिताना राहून जातो. 'सपोज टू'चंही तेच. 'यू आर सपोज्ड टू कम' असं हवं.

'डिड' आला की भूतकाळ त्याने उचलला, पुढच्या क्रियापदाला परत देऊ नये: 'डिड यू यूज टू प्ले?', 'आय डिडन्ट यूज टू लाइक इट'. इथे 'ड' गेला. 'डिडन्ट केम', 'डिड यू वेंट' यांतही हाच दोष, एका वाक्यात भूतकाळाची खूण दोनदा.

भंवरकुआ

'नो सूनर डिड ही रीच्ड' हीसुद्धा त्याच घराण्यातली. 'नो सूनर डिड ही रीच' हवं. 'डिड'ऐवजी 'हॅड' घेतलं तर मग 'रीच्ड': 'नो सूनर हॅड ही रीच्ड'. पुढे 'दॅन' हवा, 'व्हेन' नको. 'हार्डली'ला 'व्हेन'.

रामबागकर

वा. तिसरा आणि पाचवा प्रश्न एकाच पोटातले वाटतात, बरोबर का?

खजुरी_बाजार

अगदी एकाच. वर म्हटलं की इंग्रजी भूतकाळ म्हणजे पलीकडची गोष्ट. पलीकडे तीन तऱ्हेचं असतं. वेळेत पलीकडे (काल, परवा), वास्तवापलीकडे (तसं नाही, असतं तर), आणि माणसांमधलं अदबीचं अंतर. रूप एकच वापरलं जातं.

मराठी तिसरी तऱ्हा रोज वापरते आणि आपलं तिकडे लक्ष जात नाही. दुकानात 'एक पेन हवं होतं' म्हणतो. हवंय आत्ताच. 'तुमच्याकडे जरा काम होतं', 'एक विचारायचं होतं'. नेमकं हेच इंग्रजीत 'आय वॉन्टेड टू आस्क यू समथिंग', 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड हेल्प'. आणि 'व्हॉट वॉज युअर नेम?' म्हणजे आपलं 'काय नाव म्हणालात?'. मघाशी ऐकलं होतं, निसटलं, दोष माझ्याकडे. पहिल्यांदाच भेटत असाल तर मात्र 'व्हॉट इज युअर नेम?'.

'कॅन यू' आणि 'कुड यू', 'विल यू' आणि 'वुड यू' यांतही फरक एवढाच. परवानगी देताना मात्र उलट फिरायचं असतं. 'कुड आय सिट हिअर?' या प्रश्नाला उत्तर 'यस, यू कॅन'. 'यस, यू कुड' म्हटलं की 'बसू शकाल, पण...' असा भास होतो.

'इट्स टाइम वी लेफ्ट' ही दुसरी तऱ्हा. निघायला हवं होतं, अजून निघालो नाही, म्हणजे वास्तवात 'लेफ्ट' घडलेलं नाही. अवघड वाटत असेल तर 'इट्स टाइम टू लीव' म्हणा, ते निर्दोष आहे. 'इट्स टाइम वी लीव' टाळावं. 'हाय टाइम' लागला की उशीर झाल्याची कुरकुरही आली, साहेबांना पाठवायच्या पत्रात तो नको.

नवलखा

'हॅड बेटर' याच गटात?

खजुरी_बाजार

दिसायला भूतकाळ, अर्थाने आत्ताचं, पण पुढचं क्रियापद मूळ रूपात: 'यू हॅड बेटर लीव', 'लेफ्ट' नव्हे. आणि हे 'बरं होईल' इतकं मऊ नाही. 'नाहीतर बघा' अशी धमकी त्याच्या पोटात असते. वडीलधाऱ्यांना 'इट मे बी बेटर टू' म्हणा.

'वुड रादर'ची दोन तोंडं. स्वतःबद्दल: 'आय वुड रादर वेट'. दुसऱ्याने करावं असं: 'आय वुड रादर यू केम टुमॉरो'. उद्या यायचंय आणि क्रियापद 'केम'. तरी बरोबर.

'विश' आणि 'होप' यांचीही अदलाबदल होते. 'आय विश यू आर वेल' नको, 'आय होप यू आर वेल' हवं. 'विश'पुढे वाक्य आलं की ते नसलेल्या गोष्टीबद्दल असतं: 'आय विश आय न्यू', मला माहीत नाही, असतं तर बरं होतं. 'आय विश यू अ हॅपी दिवाली' इथे पुढे वाक्य नाही, नुसती वस्तू दिलीय, म्हणून चालतं.

लोकमान्यनगर_३

'तर'च्या वाक्यांत मराठी आणि इंग्रजीची फुली पडते, ते कुणीच लिहिलं नाही. पत्रकांत सर्वांत जास्त चुका तिथे.

'पाऊस आला तर कार्यक्रम सभागृहात होईल.' मराठीत 'आला', इंग्रजीत वर्तमान: 'इफ इट रेन्स, द प्रोग्राम विल बी हेल्ड इन द हॉल'. 'इफ इट रेन्ड' लिहिलंत तर अर्थ होतो, पाऊस काही येणार नाही, पण समजा आलाच तर. भाद्रपदातल्या कार्यक्रमाला असं लिहिणं धाडसाचं.

'पोचलात की फोन करा': 'कॉल मी व्हेन यू रीच होम'. 'रीच्ड' नाही, 'विल रीच' तर नाहीच. 'व्हेन, आफ्टर, बिफोर, अन्टिल, ॲज सून ॲज' या सगळ्यांपुढे भविष्याची गोष्ट वर्तमानात. 'तो येईपर्यंत थांबा' याचं 'वेट अन्टिल ही कम्स'.

आणि 'माहीत असतं तर सांगितलं असतं' या एका मराठी वाक्याची इंग्रजीत दोन वाक्यं होतात. आत्ताबद्दल असेल तर 'इफ आय न्यू, आय वुड टेल यू'. कालबद्दल असेल तर 'इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव टोल्ड यू'. मराठीत संदर्भावर सोडता येतं, इंग्रजीत निवडावंच लागतं. 'इफ आय वुड हॅव नोन' मात्र लिहू नका, अमेरिकेत कानावर पडतं तरीही.

होळकर_पॅव्हेलियन

चौथा प्रश्न माझा.

'हॅव/हॅज' असलेलं रूप खातं उघडं ठेवतं. कर्ता अजून आहे, कामगिरीत भर पडू शकते. भूतकाळ खातं बंद करतो. होळकर संघाने रणजी करंडक चारदा जिंकला: १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. पुढे त्याच दशकात तो संघच राहिला नाही. पाचवा करंडक येणं शक्य नाही, म्हणून 'होळकर वन द रणजी ट्रॉफी फोर टाइम्स'. बडोद्याचा संघ पाचदा जिंकलाय आणि अजून खेळतो, म्हणून 'बरोडा हॅव वन इट फाइव्ह टाइम्स'. मध्य प्रदेश २०२२मध्ये पहिल्यांदा जिंकला. साल आलं की 'हॅज' गेलं: 'मध्य प्रदेश वन इट इन २०२२'. साल काढा: 'मध्य प्रदेश हॅज वन इट वन्स'. दोन्ही बरोबर, एकत्र नाही.

सराफा_रात्री_१२

पण होळकर संघाचा विक्रम तर अजून आहे ना? नोंद कुठे पुसली गेली?

होळकर_पॅव्हेलियन

नोंद आहे, मग कर्ता नोंदीला करा: 'द रेकॉर्ड स्टँड्स'. वर्तमानकाळ. जिंकणारा मात्र गेला.

माणसांचंही असंच. 'लता मंगेशकर वॉज बॉर्न इन इंदूर इन १९२९'. 'इज बॉर्न' कुणाच्याच बाबतीत नको, 'आय ॲम बॉर्न इन इंदूर' हे अर्जांत सर्रास दिसतं. २०२२च्या आधी 'शी हॅज संग इन मेनी लँग्वेजेस' लिहिता येत होतं, आता 'शी सँग'. गाण्यांना कर्ता केलं तर वर्तमान परत येतो: 'हर साँग्ज आर स्टिल लव्ह्ड'.

वास्तूंना तिन्ही लागतात. 'द राजवाडा हॅज सेव्हन स्टोरीज. इट वॉज डॅमेज्ड बाय फायर इन १९८४. इट हॅज बीन रिस्टोर्ड.' पहिलं आजचं वर्णन, दुसरं तारखेला बांधलेलं, तिसरं परिणाम अजून दिसतोय म्हणून.

पलासिया_पूर्व

विद्यापीठाबद्दल लिहिताना एक गंमत होते, सांभाळा. 'द युनिव्हर्सिटी वॉज फाउंड इन १९६४' म्हणजे विद्यापीठ १९६४मध्ये सापडलं! 'फाइंड'चा भूतकाळ 'फाउंड', आणि स्थापन करणे हे मूळ क्रियापदच 'फाउंड', त्याचा भूतकाळ 'फाउंडेड'. तसंच बॅनर 'हंग' होतो, 'हँग्ड' म्हणजे फाशी दिली. 'लाय, ले, लेन' (पडून असणे) आणि 'ले, लेड, लेड' (ठेवणे) यांत तर भल्याभल्यांचा पाय घसरतो: पायाभरणीचा दगड 'वॉज लेड'.

भंवरकुआ

'जस्ट' आला की 'हॅव' हवंच, हाही नियम इथे लिहून ठेवा. 'आय हॅव जस्ट अराइव्ह्ड'.

लोकमान्यनगर_३

'हवंच' नको. ब्रिटिश वळणात 'आय हॅव जस्ट अराइव्ह्ड', अमेरिकन बोलण्यात 'आय जस्ट गॉट हिअर' रोजचं आहे, 'ऑलरेडी' आणि 'यट'चंही तसंच: 'डिड यू फिनिश यट?'. परीक्षा ब्रिटिश वळणाची असेल तर 'हॅव' धरा, त्यात धोका नाही. आणि 'जस्ट नाऊ' दोन्हीकडे भूतकाळ घेतो: 'आय सॉ हिम जस्ट नाऊ'.

'यस्टरडे', 'अगो', 'लास्ट इयर' यांच्याबरोबर 'हॅव' दोन्हीकडे चूक. 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' आपल्याकडे फार, कारण मराठीत 'मी त्याला काल पाहिलं आहे' खुशाल चालतं.

दिवसाच्या वेळेचाही परिणाम होतो. दुपारी एकला 'हॅव यू हॅड लंच?', जेवणाची वेळ अजून चालू आहे. रात्री आठला 'डिड यू हॅव लंच?'.

भंवरकुआ

मान्य, 'हवंच' मागे घेतो. परीक्षेचा विषय निघालाच तर आयइएलटीएसच्या ॲकॅडेमिक लेखनातला पहिला प्रश्न: आलेख दिलेला असतो, किमान १५० शब्द, साधारण २० मिनिटं. काळ ठरवायला आधी आडव्या अक्षावरची सालं बघा.

पहिल्या वाक्यात आलेख कर्ता, म्हणून वर्तमान: 'द ग्राफ शोज'. आतला मजकूर १९९० ते २०१० असेल तर पूर्ण भूतकाळ: 'सेल्स रोज', 'फेल', 'रिमेन्ड स्टेबल'. सालच दिलेलं नसेल तर वर्तमान. सालं पुढची असतील तर 'विल' भरमसाट लिहू नका, 'इज प्रोजेक्टेड टू राइज', 'इज एक्सपेक्टेड टू' असं लिहा, कारण तो अंदाज आहे. आकृती यंत्राची किंवा प्रक्रियेची असेल तर वर्तमान कर्मणी: 'द केन इज क्रश्ड अँड द ज्यूस इज हीटेड'. गावाचे दोन नकाशे, आधीचा आणि आत्ताचा असे असतील तर 'हॅज बीन रिप्लेस्ड बाय'.

चूक होते ती मधेच काळ बदलण्यात. लिहून झाल्यावर शेवटची दोन मिनिटं फक्त क्रियापदांवर बोट ठेवत खाली जायचं, बाकी काही वाचायचं नाही.

'राइज, रोज, रिझन' आणि 'रेझ, रेझ्ड' वेगळी. किंमत 'रोज', सरकारने किंमत 'रेझ्ड'.

नवलखा

नोकरीच्या अर्जात '२०१८पासून काम करतोय' याचं 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स २०१८' लिहिलं जातं.

लोकमान्यनगर_३

मराठीत वर्तमान, इंग्रजीत 'आय हॅव वर्क्ड हिअर सिन्स २०१८' किंवा 'हॅव बीन वर्किंग'. सुरुवात मागे, टोक आत्तात. 'सिन्स'पुढे सुरुवातीचा बिंदू, 'फॉर'पुढे मोजलेला काळ: 'फॉर सिक्स इयर्स'. 'दे आर मॅरिड सिन्स २०१०' हीसुद्धा तीच चूक, 'हॅव बीन मॅरिड'. 'पहिल्यांदाच बघतोय' हेही त्याच वाटेचं: 'धिस इज द फर्स्ट टाइम आय हॅव सीन इट'.

अर्जात आत्ताच्या नोकरीची कामं वर्तमानात ('मॅनेज अ टीम ऑफ फाइव्ह'), त्याच नोकरीत पुरं झालेलं काम भूतकाळात ('सेट अप द न्यू स्टोअर'), जुन्या नोकऱ्या सरसकट भूतकाळात.

पलासिया_पूर्व

एक तक्रार रोमन लिपीबद्दल. 'रीड'चा भूतकाळ लिहायला तसाच, वाचायला 'रेड'. देवनागरीत लिहिलं की फरक उघडा पडतो: 'आय रीड द पेपर एव्हरी डे', 'आय रेड द पेपर यस्टरडे'. 'कट, पुट, कॉस्ट, बीट' यांना तोही आधार नाही. 'ही कट द केक' म्हणजे कापला, हे फक्त 'कट्स' नसल्यामुळे कळतं.

सराफा_रात्री_१२

शेवटचं विचारतो. सकाळी साडेदहाला दुकानाबाहेर लावायचंय, 'पोहे संपले'. 'पोहे इज फिनिश'?

पलासिया_पूर्व

'फिनिश' नको. बोलताना 'वी आर आउट ऑफ पोहे', म्हणजे आपलं 'संपले' तिथे वर्तमानात जातं. पाटीवर 'सोल्ड आउट', धातुसाधितच. 'सेल आउट' नाही, त्याला तत्त्वं विकल्याचा वास आहे. खाली उद्याची वेळ टाकायची असेल तर 'बॅक ॲट ६ ए.एम. टुमॉरो'. 'विल बॅक' लिहू नका.